पेटीतलं कार्ड आणि वाटेतला दवाखाना



या पानावर मी एरवी बियाणं, खतं, फवारणी नाहीतर पाणी-पाऊस यांवर लिहितो. आज दवाखान्याच्या खर्चावर लिहिणार आहे. "कृषी खात्याच्या माणसाला हा नसता उद्योग कशाला?" असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर माझ्या टेबलावर आलेल्या एका फाइलीत आहे. आधी तीच सांगतो.

मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर एक ताई आपल्या दिराला घेऊन कार्यालयात आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. हातातल्या पिशवीत कागद होते: सातबारा, वारसाचा उतारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात आणि तो प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या ताईंचे मालक रात्रीच्या लाइटीला भुईमुगाला पाणी द्यायला गेले होते. दारं धरताना पायाला पान लागलं. भावांनी उचलून जीपमध्ये घातलं. गावापासून नऊ किलोमीटरवर रस्त्याला लागूनच ग्रामीण रुग्णालय आहे. जीप तिथं थांबली नाही. कारण गाडीतलं कुणीतरी म्हणालं, "इथं रात्रीचा डॉक्टर नसतो. वेळ घालवू नका, जिल्ह्यालाच चला."

जिल्ह्याचं ठिकाण पंचावन्न किलोमीटर. ड्रायव्हरला जो खासगी दवाखाना माहीत होता तिथं नेलं. आधी डिपॉझिट भरायला लावलं. चौथ्या दिवशी माणूस गेला. बिल झालं एक लाख चाळीस हजार. बायकोचे डाग मोडले, पाहुण्यांकडून उसने घेतले, उरलेले व्याजानं काढले.

मी विचारलं, "ताई, आयुष्मानचं कार्ड काढलं नव्हतं का?"

"काढलंय की साहेब. पेटीत आहे. पण त्या दवाखान्यात ते चालत नव्हतं."

कागद तपासून झाले. जाताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दोन लाख आले म्हंजी दवाखान्याचं देणं फिटंल. पण पोरांच्या वाट्याला काय ऱ्हाईल?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढं एका कामासाठी मी त्या ग्रामीण रुग्णालयात गेलो, तेव्हा सहज चौकशी केली. त्या रात्री ड्यूटीवर डॉक्टर होते. सर्पदंशाची लसही होती. फुकट मिळणार होती. माणूस वाचलाच असता असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण उपचार पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर होता, आणि आपण तो ओलांडून पुढं गेलो, एवढं खरं.

यात त्या भावांचा दोष काढायला माझी जीभ उचलत नाही. ज्या दवाखान्यात दहा वेळा गेल्यावर पाच वेळा "डॉक्टर मीटिंगला गेलेत" हे ऐकावं लागतं, तिथं अकराव्या वेळी, मध्यरात्री, मरणाच्या दारातला माणूस घेऊन कोण थांबेल? तेव्हा मंडळी, आज मला एवढंच सांगायचं आहे की, घरात कार्ड असणं आणि वाटेतल्या दवाखान्यावर भरवसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारनं पहिल्या गोष्टीत बरीच मजल मारली. दुसरी अजून मागं आहे. आणि दुसरीवाचून पहिली निम्मी वाया जाते.

कार्डामागचा इतिहास

आधी जे चांगलं झालं ते मोकळ्या मनानं मान्य करू. १९९७ मध्ये राज्यात जीवनदायी आरोग्य योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या मोठ्या दुखण्यात मदत देणारी. पण तेव्हा कागद घेऊन मंत्रालयाचे उंबरे झिजवणारे किती अन् प्रत्यक्ष मदत मिळालेले किती, हे त्या पिढीला विचारा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात गेली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार विनामूल्य. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत पुढं पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही त्यात घेतलं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची. २०२० मध्ये दोन्ही योजना एकत्र जोडल्या. २०२३ मध्ये राज्यानं निर्णय घेतला की रेशनकार्डाचा रंग बघायचा नाही, सगळ्यांनाच योजनेत घ्यायचं आणि मर्यादा पाच लाख करायची. २०२४ पासून तो अमलात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं सत्तर वर्षांवरच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना, उत्पन्न न बघता, पाच लाखांचं संरक्षण दिलं.

ही थोडी प्रगती नव्हे. बायपाससाठी, कॅन्सरच्या उपचारासाठी जी घरं पूर्वी बागायत विकून बसायची, त्यातली कितीतरी आज या कार्डामुळं तगली आहेत. मी स्वतः असे शेतकरी बघितलेत की ज्यांच्या बापाचं हृदयाचं ऑपरेशन एक रुपया न देता झालं.

देशाचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतले चौसष्ट रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते एकोणचाळीसवर आले. पण एकोणचाळीस म्हणजे काही दोन-चार नव्हेत. शंभरातले एकोणचाळीस रुपये आजही माणूस आपल्या कनवटीचे सोडतो. ते कुठं जातात, हे बघितल्यावाचून कार्डाचं मोल आणि मर्यादा दोन्ही कळायच्या नाहीत.

कार्डात काय नाही

पहिली गोष्ट, पाच लाख म्हणजे माणशी पाच लाख नव्हेत. ते सबंध कुटुंबाला मिळून वर्षाचे आहेत. दुसरी गोष्ट, कार्ड सगळीकडं चालत नाही. योजनेशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयातच चालतं, आणि तिथंही ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट, हे कार्ड मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चाचं आहे.

आता आपल्या घरातल्या दुखण्यांचा हिशेब मांडा. आईला साखर आहे, रोज दोन गोळ्या. बापाला रक्तदाब आहे, रोज एक गोळी. पोराला दर पावसाळ्यात ताप, तपासणीला रक्त-लघवी, सलाइन. घरधनीणीची कंबर दुखते, तिला महिन्यातून एकदा मलम आणि इंजेक्शन. यातलं कोणतं दुखणं कार्डात बसतं? बहुतेक एकही नाही. पण महिन्याचा आकडा काढलात तर तो घरच्या किराण्याच्या जवळ जातो. त्यात एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, बरोबर गेलेल्या माणसाचा चहा-नाश्ता धरा. खिशातून जाणाऱ्या पैशात मोठा वाटा असल्याच औषधपाण्याचा असतो. ऑपरेशननं माणूस एका दिवसात बुडतो, ते सगळ्या गावाला दिसतं. गोळ्यांनी माणूस थेंबाथेंबानं बुडतो, ते कुणाला दिसत नाही.

आणि हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. पैशाअभावी रक्तदाबाची गोळी बंद केली, तर दोन वर्षांनी पक्षाघाताचा झटका येतो. मग कार्ड निघतं, रुग्णवाहिका येते, लाख-दीड लाखाचा उपचार सरकारच्या पैशातून होतो. माणूस वाचतो, पण एका बाजूनं लुळा होऊन घरी येतो. नांगर धरणारा हात गेला. जी गोळी काही रुपयांत, नाहीतर सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली असती, तिच्यावाचून हे झालं. याला काटकसर म्हणायचं का?

विमा उतरला म्हणून फवारणी थांबत नाही

तुम्ही शेती करणारी माणसं आहात, तुम्हाला शेतीच्याच भाषेत सांगतो. पीक विमा आपण वर्षानुवर्षं बघतोय. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरावा लागला. कधी भरपाई मिळाली, कधी कंपनीच्या नावानं बोटं मोडली. पण विमा उतरलाय म्हणून आपण कधी बीजप्रक्रिया सोडली का? बोंडअळी दिसल्यावर "विमा आहे, खाऊ दे" म्हणून बांधावर बसून राहिलो का? नाही. कारण विमा पीक आणत नाही. पीक येतं ते मशागतीनं, वेळेवरच्या पेरणीनं, रोज शेतात पाय ठेवण्यानं. विमा फक्त बुडाल्यावर हात देतो.

आरोग्याचंही तसंच आहे. पाच लाखांचं कार्ड हा विमा झाला. मशागत म्हणजे गावातली आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, तिथली गोळी, तिथली लस, पिण्याचं शुद्ध पाणी. आपला देश सध्या विमा वाढवतोय आणि मशागतीत हात आखडतोय, अशी शंका यावी अशी स्थिती आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातसुद्धा, तो दोन टक्क्यांच्या आतच होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिकडं योजनेतल्या दवाखानेवाल्यांचीही बाजू आहे. त्यांचं म्हणणं असं की, उपचाराचे ठरवून दिलेले दर परवडत नाहीत आणि बिलं वेळेवर निघत नाहीत. ऊस घालून पैशासाठी कारखान्याच्या दारात बसलेल्या माणसाला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. पैसे थकले की काही दवाखाने योजनेतल्या पेशंटला "खाट शिल्लक नाही" म्हणतात, नाहीतर "हे औषध योजनेत नाही, बाहेरून आणा" म्हणतात. त्यात भरडला जातो तो पेशंट. म्हणून योजना जाहीर करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच दवाखान्यांचे पैसे मुदतीत देणं आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई करणं महत्त्वाचं.

बागायतदार मंडळींपैकी काहींनी खासगी मेडिक्लेम घेतलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढून टाकला, ही चांगली गोष्ट झाली. पण वय वाढलं की हप्ता वाढतो, आणि आधीपासून असलेल्या दुखण्याला ठरावीक काळ थांबावं लागतं, हे कागद नीट वाचून घ्या. पासष्टाव्या वर्षी, ज्या वेळी विम्याची खरी गरज, त्याच वेळी हप्ता झेपेनासा होतो. म्हणून ऐपत आहे त्यांनी मेडिक्लेम जरूर घ्यावा, पण गावचा सरकारी दवाखाना नीट चालावा यासाठी त्यांनीही गावाबरोबर उभं राहावं. साप चावताना पॉलिसी विचारून चावत नाही.

जवारीचा विमा

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९८० च्या दशकात तिथले डॉक्टर उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालच्या खेड्यांत एक आरोग्य विमा योजना चालवली. हप्ता रोख पैशात नव्हे, ज्वारीत. सुगी झाली, खळं उरकलं की घरोघरची जवारी गोळा व्हायची. ज्याला जमीन नाही त्यानं कमी द्यायची, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त. त्या मोबदल्यात गावात आरोग्यसेवक, औषधं आणि गरज पडेल तेव्हा सेवाग्रामच्या रुग्णालयात उपचार.

यातली मेख अशी होती की, एकट्यादुकट्याला घेत नसत. गावातल्या बहुसंख्य घरांनी सामील व्हायचं, तरच योजना. त्यामुळं दवाखाना हा सरकारचा किंवा डॉक्टरचा न राहता गावाचा झाला. ज्याची पायली तिथं पडली आहे, तो "सिस्टर का आल्या नाहीत?" हे हक्कानं विचारणार. आज आपण ज्वारी देत नाही, कर देतो. काडेपेटी घेतली तरी कर देतो, डिझेल घेतलं तरी देतो. म्हणजे आपली पायली तिथं पडलेलीच आहे. फक्त ती दिसत नाही, म्हणून आपण विचारायचं विसरतो.

दुसरा दाखला २००७ चा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्याच आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, औषधांचा साठा बघायचा आणि जनसुनवाईत सर्वांसमक्ष अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचे. तिथं गावं नुसती शिव्या देत बसली नाहीत, कागद घेऊन बोलली. शिव्या दिल्यानं डॉक्टर बदलून जातो. कागद दाखवला तर कारभार बदलायला लागतो.

आपला हक्क कुठं आहे

नियमाप्रमाणे तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र हवं. डोंगरी-आदिवासी भागात हेच वीस हजारांना आणि तीन हजारांना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य करण्यात आले. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, पुढं २०२३ मध्ये त्यांवर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लागली. तिथं समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं बसावं, रक्तदाब-साखर तपासावी, गोळ्या द्याव्यात असं ठरलेलं आहे. जिथं हे नीट चालतं तिथं म्हाताऱ्या माणसांचा तालुक्याला जाण्याचा हेलपाटा वाचला आहे. जिथं नीट चालत नाही तिथं पाटी बदलली, कुलूप तेच राहिलं.

१९४६ मध्ये भोर समितीनं सांगून ठेवलं होतं की, पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहता कामा नये. तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. आज आपण त्या वाक्याच्या जवळ आलोय, पण शेवटचे नऊ किलोमीटर अजून राहिलेत.

आता काय करायचं

उपदेश करून हात झटकावेत असा माझा स्वभाव नाही. म्हणून जमेल तेवढंच सांगतो.

शेतकऱ्यांनी एक करावं. आजच पेटी उघडावी. कार्ड काढलं नसेल तर आशाताईला, रेशन दुकानदाराला किंवा सेवा केंद्रात विचारून काढावं. घरातल्या प्रत्येकाचं नाव रेशनकार्डावर आहे का, आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का, ते बघावं. नव्या सुनेचं नाव चढलेलं नसतं, नातवाचं नसतं. पीक विम्याच्या वेळी नावातल्या एका वेलांटीनं किती जणांचे पैसे अडकले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दवाखान्याच्या दारात ती वेलांटी दुरुस्त करायला वेळ नसतो. आणि कार्ड पेटीत ठेवू नका, चटकन हाताला येईल अशा जागी ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

दुसरं, पेशंटला योजनेतल्या दवाखान्यात नेलं की आधी आरोग्यमित्राला भेटा. तो तिथं त्याच कामासाठी असतो. डिपॉझिट भरण्याआधी त्याच्याशी बोला. पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पावती नसेल तर तक्रारीला पाय नसतो.

तिसरं, साप चावला, विजेचा धक्का बसला, फवारणीचं विष चढलं, तर १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघताना जवळच्या सरकारी दवाखान्यातही फोन लावा. फोनवर डॉक्टर आहेत असं कळलं, तर तो ओलांडून पुढं जाऊ नका. पहिला उपचार तिथं घ्या, पुढं पाठवायचं तर तेच पाठवतील. मांत्रिकाकडं तर मुळीच नको. आणि फवारणीचं म्हणाल तर यवतमाळला २०१७ च्या खरिपात जे घडलं ते विसरू नका. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी, हे मी दर हंगामात सांगतो अन् तुम्ही दर हंगामात हसता. या वर्षी हसू नका.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना हात जोडून एक विनंती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, जिथं घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लावता तिथंच, ऑइलपेंटनं तीन ओळी लिहून घ्या. पहिल्या ओळीत आपल्या भागात योजनेशी जोडलेल्या दवाखान्यांची नावं आणि आरोग्यमित्राचा फोन. दुसऱ्या ओळीत प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा रात्रीचा फोन. तिसऱ्या ओळीत १०८ आणि तक्रारीचे क्रमांक. खर्च एका रंगाच्या डब्याचा. गावातल्या जीपवाल्यांनाही ही यादी द्या. कारण मध्यरात्री पेशंट कुठं जाणार, हे बहुतेक वेळा ड्रायव्हर ठरवतो. दवाखाने योजनेत येतात-जातात, म्हणून यादी दर सहा महिन्यांनी तपासा.

येत्या ग्रामसभेत रस्ते-गटार झाल्यावर एक विषय आरोग्याचा घ्या. गावच्या आरोग्य समितीला विचारा: उपकेंद्र महिन्यात किती दिवस उघडं होतं? रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या? सर्पदंशाची लस आरोग्य केंद्रात आहे का? रिक्त जागा किती? उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि ठराव वर पाठवा. एका गावचा ठराव टोपलीत जातो, हे मलाही माहीत आहे. मीही सरकारी कार्यालयातच बसतो. पण तालुक्यातल्या तीस गावांचा एकच ठराव आला तर त्याला टोपली पुरत नाही.

आणि आरोग्य खात्यातल्या माझ्या बंधू-भगिनींना एक शब्द. तुमच्यावर किती गावांचा भार आहे, किती जागा रिकाम्या आहेत, हे मी जाणतो. आमच्या खात्यातही तेच आहे. पण रात्री डॉक्टर हजर असतील तर ते गावाला कळू द्या. त्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता ग्रामपंचायतींना पाठवा. तुम्ही त्या रात्री हजर होता, हे त्या जीपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सगळं आम्हीच करायचं, मग सरकारनं काय करायचं?" असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. सरकारनं जागा भराव्यात, औषधं वेळेवर पोचवावीत, रोजच्या गोळ्या-तपासण्यांचा खर्च लोकांच्या डोक्यावरून उतरवावा. सुधारणा होत नाहीत असं नाही. शेतकरी अपघाताच्या योजनेचंच बघा. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चालायची. कंपन्या त्रुटी काढायच्या, प्रस्ताव लटकायचे, विधवा बाया खेटे घालायच्या. तक्रारी साठत गेल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं कंपनी मधून काढून टाकली, थेट अनुदान द्यायला सुरुवात केली. म्हणजे बोललं तर बदल होतो. मेलेल्या माणसाच्या पैशासाठी जर नियम बदलता येतात, तर जिवंत माणसाच्या गोळीसाठी का नाही?

त्या ताईंचा प्रस्ताव पुढं मंजूर झाला. पैसे खात्यावर आले. त्यातले बरेचसे, त्या म्हणाल्या तसेच, देण्यात गेले. यंदा त्यांनी दीड एकर सोयाबीन स्वतः पेरलं आहे. बियाण्याची उगवण तपासायला त्या कार्यालयात आल्या होत्या. शंभर दाण्यांतले किती उगवले ते गोणपाट उलगडून मला मोजून दाखवत होत्या.

माझ्या टेबलावर अशा फाइली दर हंगामात येतात. त्या नीट लिहायच्या, वेळेत पाठवायच्या, हे माझं काम आहे आणि ते मी करतो. पण खरं सांगू? त्या फाइली कमी झाल्या तर मला आवडेल. उगवण तपासायला, माती परीक्षणाला, नव्या वाणाची चौकशी करायला माणसं यावीत. त्यासाठी ती जिवंत आणि धडधाकट असायला हवीत. पेटीतलं कार्ड बाहेर काढा, आणि वाटेतल्या दवाखान्याचं दार एकदा दिवसाउजेडी, कुणी आजारी नसताना, जाऊन वाजवून या. आत कोण असतं ते आधी माहीत असू द्या.